जिन्यावरचं गाणं

चष्म्याच्या उजव्या काचेवर बोटाचा ठसा होता. म्हणून जिना दिसत नसेल, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं… त्याने सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बाग. झोपाळा. नायिका हसत होती, आणि गाणं शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप जाऊन पोहोचलं.

आयुष्यभर तो या गाण्याबद्दल बोलत आला होता. दातांचा डॉक्टर, समोरचा माणूस आ वासून पडलेला, वाद घालायची सोय नाही—त्यामुळे गावातल्या अर्ध्या बत्तिशांना त्याने हे ऐकवलं होतं : तबकडीवर हे गाणं पूर्ण असलं तरी पडद्यावर ते अर्ध्यावर थांबतं. अंधाऱ्या जिन्यावर नायिका कुणाची तरी वाट पाहत गुणगुणत असते, वर दार वाजतं, ती मान वर करते—आणि थांबते. वाद्यं नाहीत, नुसती उतरणारी पावलं. मूकपटांतून आलेल्या दिग्दर्शकांना शांततेची भीती नव्हती, तो म्हणायचा. नाटकात रंगलेलं गाणं लोक पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, त्या काळात कुणीतरी गाणं तोडायचं धाडस केलं, तिथे सिनेमा वयात आला… आज खेळाआधी चित्रपट मंडळासमोर तो हेच बोलला होता. आणि आता दिवे लागले होते.

प्रिंट तुटकी असणार, असं त्याने चिटणीसाला सांगून पाहिलं. प्रिंट पूर्ण होती. इतकी वर्षं कुठेच न मिळालेली, ती नव्याने दुरुस्त होऊन आली होती. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी समजुतीने त्याच्या दंडावर हात ठेवला. ‘‘होतं असं, डॉक्टर. वयाबरोबर.’’

वय नाही, तो मनाशी म्हणाला. मला लहानपणचा तो पलंगाचा गज आठवतो, कमरेपर्यंतचं प्लास्टर आठवतं, त्याखालची खाज आठवते. रविवारी दुपारी सिनेमाला जाऊन ताई संध्याकाळी परतायची, माझ्या पायांशी बसायची आणि सगळा सिनेमा सांगायची—कोण कसं वळलं, कुठे थांबलं. मी पुढे जे जे ऐकलं, पाहिलं, जमवलं, ते सगळं त्या पलंगावरून सुरू झालं…

तो थेट ताईकडे गेला. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. त्याने चिटणीसाचं सांगितलं, त्या बाईंचं सांगितलं, बागेचं, झोपाळ्याचं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिने उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. भावोजी झोपले होते.

‘‘तो सिनेमा मी पाहिलाच नाही रे,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘मग कुठला पाहिलास?’’

‘‘एकही नाही.’’

शेंगा फुटत राहिल्या. नावं ती भिंतीवरच्या जाहिरातींवरून घ्यायची, बाकीचं परतीच्या वाटेवर जुळवायची. आई तिला कधीच काही विचारत नसे. आई त्याला विचारायची, ताईने आज काय पाहिलं, आणि तो पडल्या पडल्या सगळा सिनेमा हातवारे करून सांगायचा, ताई सिनेमालाच गेली होती अशी आईची खात्री पटायची.

‘‘म्हणजे मला वापरलंस.’’

‘‘तुला खोटं बोलता यायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तुला ते खरं वाटायला हवं होतं.’’

तिने हे इतकं सरळ सांगितलं, की त्याला ओरडताही येईना. आपण एका मुलीच्या सबबीवर प्रेम करत आलो… तबकड्या, पुस्तकं, भाषणं, सिनेमा वयात आला म्हणे! आणि ताई प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसून ऐकत होती, मान डोलावत होती—ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

‘‘आणि जिना?’’ त्याने विचारलं. ‘‘तोही जुळवलेला?’’

तिचा हात शेंगेवर थांबला.

‘‘जिना होता.’’

आत भावोजी खोकले, तशी ती पाण्याचा तांब्या घेऊन उठली.

तो रस्त्यावर आला. चीड गेली नव्हती. उलट चालता चालता ती वाढतच होती. हट्टाने त्याने ते गाणं मनात सुरू केलं—आताच पाहिलंय, बाग, झोपाळा, शेवटची ओळ, पूर्ण म्हणायचं. पण बाग येईना. अंधारात मान वर करून कुणीतरी उभं होतं, आणि चेहरा नायिकेचा नव्हता. पावलं उतरत होती, ती वाट पाहत होती त्याची नव्हे, बहुतेक दुसऱ्याच कुणाची. गाणं नेहमीच्याच ओळीवर थांबलं. यावर बोलायला त्याच्याकडे नेहमी इतकं असायचं… तो कोपऱ्यावर तसाच उभा राहिला, आणि त्याला एकही वाक्य सुचेना.