मेथीखालचं

मी वलगावच्या माणिकबाईंची भाजीची हातगाडी बोलतेय. हसा, हसा! गाडीला तोंड कुठून आलं म्हणाल. अहो, माझं मागचं डावं चाक ऐकलं असतंत तर असं विचारलं नसतंत. सकाळी मी गल्लीत शिरले की कुत्रीसुद्धा बाजूला होतात.

अमरावतीच्या एका सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. माणिकबाईंनी घरी आणून हळदकुंकू लावलं आणि तेव्हापासून आमची जोडी. बाई तोंडाच्या फटकळ, पण हात सढळ. मला त्यांनी एकदाच वाऱ्यावर सोडलं, त्यांना टीबी झाला तेव्हा. मी गोठ्याशेजारी पडून राहिले आणि कोंबड्यांनी माझ्यावर संसार थाटला. बाई खडखडीत बऱ्या झाल्या. पण शेजारणींनी तेवढ्या दिवसांत त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता, ते काही त्या विसरल्या नाहीत.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. गावात मनोज मास्तरांचं आरोग्य मंडळ होतं. त्यात शिरून सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या गोळ्या लोकांना पोचवायचं काम बाईंनी मागून घेतलं. दवाखान्यात जायला लोक लाजतात, भाजी घ्यायला कोण लाजतं? माझ्यावर मेथीचा ढीग, ढिगाखाली पत्र्याची पेटी. आजारी माणूस मेथी मागणार आणि बाई जुडीबरोबर गोळ्यांची पट्टी पिशवीत सारणार. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे.

पण गावात खोकणारे आणखी बरेच होते. तपासायला अमरावती गाठायची तर रोजी बुडते, म्हणून कुणी हलत नसे. हातानं उचलून नेता येतं तसलं एक्स-रे मशीन गावात यावं, असा बाईंनी ध्यासच घेतला. मंडळाची तेवढी ऐपत कुठली! मग अकोल्याच्या मोठ्या संस्थेतल्या रागिणीताई आल्या आणि माझ्या दांड्याला टेकून त्यांनी सगळं समजावलं. अनेक देशांची सरकारं मिळून एक आरोग्य निधी चालवतात. परदेशातला पैसा घ्यायची परवानगी आपल्या छोट्या मंडळाकडे नाही, अकोल्याच्या संस्थेकडे आहे, म्हणून दोघांनी मिळून अर्ज करायचा. आणि निधीची अट अशी, की हा आजार ज्यांनी भोगला ती माणसं कारभारात हवीत.

"मंग मी हाय ना! दुसरं कोनाले शोधून राहिली?" माणिकबाई म्हणाल्या.

अर्ज पुढे सरकला आणि निधीच्या पाहुणीबाई काम बघायला येणार असं कळलं. मग काय विचारता! मनोज मास्तरांनी मांडव घातला, शाल-नारळ आणले. मला धुतलं, मेथी उतरवली, झेंडूच्या माळा गुंडाळल्या. वर चाकाला तेल पाजलं. जन्मात पहिल्यांदा मी गप्प झाले.

भाषणं झाली. पाहुणीबाईंनी अंगावरची शाल सावरत रागिणीताईंमार्फत विचारलं, "गोळ्या घेणारं कुणी भेटेल का? स्वतःहून बोलणार असेल तरच."

मांडवात जो तो पायाखालची सतरंजी बघू लागला. गोळ्या घेणारे समोरच तर बसले होते! माणिकबाई मान वर करेनात. नजर जाईल तिथला माणूस उघडा पडायचा. मशीन हातचं चाललं होतं.

"एक तरी नाव सांगा ना, बाई," मनोज मास्तर कुजबुजले.

"नाई सांगत. त्याईनं माह्यावर भरोसा ठेवला हाय." बाईंचे डोळे भरून आले होते. अशा वेळी मी जोरात करकरायला हवं होतं, पण मेलं ते तेल!

तेवढ्यात पहिल्या रांगेतले किसनराव उठले. काळ्या कसदार जमिनीचे धनी. त्यांच्यापुढे गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. खिशातून कापडी पिशवी काढत ते सरळ माझ्यापाशी आले.

"माणिकबाई, मेथी कुठी गेली?"

"आज मेथी नाई, भाऊ. आज नुस्ते हार हायेत."

"मंग मेथीखालचं द्या."

किसनराव मांडवाकडे वळले. "पाहून काय राहिले? मले टीबी झाला, म्या चोरी नाई केली. या बाईच्या गोळ्यायनं बरा होऊन राहिलो."

मागून एक बाई उठली, "मले बी द्या." मग आणखी कुणी. बघता बघता माझ्याभोवती ही गर्दी! रागिणीताई भाषांतर करायचं विसरून टाळ्या वाजवू लागल्या. पण पाहुणीबाईंना कळायचं ते कळलं होतं. त्या डोळे पुसत होत्या.

निधी मंजूर झाला, मशीन आलं. गल्लीबोळांतून त्याला मिरवत कोण नेतं? मीच! खाली गोधडी, वर मशीन. किसनराव ठणठणीत झालेत आणि हौसेनं मला ढकलतात, बहुतेक वेळा नालीत. चाकाचं तेलही उतरलं. माझी करकर ऐकू आली की खोकणारे आपणहून दारात येऊन उभे राहतात. त्या वेळी मला जो आनंद होतो, तो सांगायला माझं एक चाक कमी पडतं.

नुकसान झालं ते एवढंच. आता लोक भर रस्त्यात "बाई, गोळ्या द्या" म्हणतात आणि मेथी तशीच उरते. म्हणून तुमच्यापुढे हात जोडते. हात कुठले, दांडेच आहेत. कधी वलगावला आलात तर एक जुडी घ्या हो. नुसती मेथी. तिच्याखाली आता काही नसतं.