संकष्टीचा घोट

माधवने हातात अर्धा ग्लास बिअर दिली तेव्हा सुमेधाच्या पायातले बूटही उतरले नव्हते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात साडेबारा तास नर्सची ड्युटी करून आलेल्या बाईला आधी चहा विचारावा, एवढं बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं नव्हतं असं नाही. पण बिअर बाटल्यांत भरायच्या दिवशी त्याला दुसरं काही दिसत नसे.

“चाळीस बाटल्या धुवून ठेवल्यात,” तो म्हणाला. “तू फक्त सांग, भरू का?”

विचारण्याला कारण होतं. माधव भूल देणारा डॉक्टर. कोविडच्या पहिल्या लाटेत वॉर्डातूनच आजार घेऊन आला. जगला, पण नाक गेलं ते कायमचं. जिभेला कडू, गोड, आंबट कळायचं. बाकीची चव म्हणजे सगळा नाकाचाच कारभार. मुदतीआधी निवृत्त झाला आणि घरात बसून वाळायला लागला. गॅरेजमध्ये बिअर बनवायचा जुना नाद तेवढा त्याला सकाळी अंथरुणातून उठवायचा. त्या नादाला नाक हवं, म्हणून त्याने बायकोचं घेतलं.

सुमेधाला बिअर तेव्हाही आवडत नव्हती, आजही नाही. तरी सुट्टीच्या दुपारी ती त्याच्याबरोबर गावोगावच्या पबमध्ये बसून लहान ग्लासांतून तऱ्हेतऱ्हेच्या एल बिअर चाखत आली. त्याची इंग्रजी विशेषणं तिला जमली नाहीत. “ही काळी पोर्टर ना, भाजलेल्या चिंचोक्यांसारखी,” ती सांगायची. “आणि ही बिटर म्हणजे गूळ न घातलेली मेथीची भाजी.” माधव ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचा आणि मग डोळे मिटून घोट घ्यायचा. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा. त्या चेहऱ्यासाठी तिने हे सगळं केलं.

पण आज संकष्टी होती. देवावर विश्वास किती, हे तिला विचारू नये. आईने धरलेला उपवास तिने सोडला नव्हता, इतकंच. चंद्रोदयाला अजून अडीच तास होते. आज संकष्टी आहे, उद्या घेते, एवढं म्हटलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण मग तो म्हणणार, बाटल्यांत घालायचा साखरेचा पाक उकळून ठेवलाय. नुसता वास तरी घे. आणि वास घ्यायचा तर घ्राणेन अर्धभोजनम्, उपवास तिथेच मोडला. त्या वादाला तोंड देण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने श्वास रोखून ग्लास ओठांपाशी नेला, रंग बघितला आणि खाली ठेवला.

“छान झालीय. भर.”

माधव शीळ घालत गॅरेजमध्ये गेला. ती सोफ्यावर पडली आणि चंद्र उगवून गेला तरी उठली नाही.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा होती. पबच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसं. माधवचं नाक गेलंय हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ते कळू देत नव्हता, कारण कळलं असतं तर उरलेला मान दयेचा झाला असता. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. माधवचा सहा. सुमेधा गाडी चालवायला आली होती. कोपऱ्यात लिंबूपाणी घेऊन बसली.

सहा नंबर ओतला गेला आणि टेबलाभोवतीची नाकं मुरडली.

“ओह डिअर,” ग्रॅहम म्हणाला. हा क्लबचा म्हातारा सेक्रेटरी, मनाने चांगला. “प्युअर हॉस्पिटल. कुणीतरी पाण्यातला क्लोरीन काढायला विसरलंय.” मग तो वळला. “माधव, यू मस्ट नो दॅट स्मेल. काय वाटतं?”

माधवने ग्लास उचलला. नाकाशी नेला, छाती भरून श्वास घेतला. सुमेधाला ते बघवेना.

“येस,” तो म्हणाला. “ऑफुल.”

सगळे हसले. सहा नंबर कुणाचा, हे ग्रॅहमने भल्या मनाने विचारलं नाही.

घराच्या दारात गाडी थांबली तरी माधव उतरला नाही.

“पाण्यात क्लोरीन घालवायची गोळी टाकायला विसरलो, ती चूक माझीच,” तो म्हणाला. “पण त्या दिवशी संकष्टी होती ना? दिनदर्शिका किचनमध्येच आहे. मला आधी दिसायला हवी होती.”

“हो,” ती म्हणाली. “मी वासही घेतला नाही. दमले होते रे. सांगितलं असतं तर तुला दुसरी बनवायला वेळ होता. चुकलंच माझं.”

“कठीण आहे,” एवढंच तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आत गेल्यावर त्याने एक बाटली उघडली, अर्धा ग्लास भरला आणि तिच्यासमोर ठेवला.

“आता घे. आणि खरं सांग.”

तिने वास घेतला. घोट घेतला. तोंड वाकडं झालं, तरी गिळला.

“जखमेवरून काढलेली चिकटपट्टी,” ती म्हणाली. “फिनेलने नुकतीच पुसलेली फरशी. रबरी हातमोजे, आत घाम आलेला. तू भूल द्यायचास त्या मास्कच्या आतली बाजू. आणि पहाटे रिकामा झालेला बेड पुसून घेतात ना, ते.”

माधवने डोळे मिटले होते. वही उघडली नव्हती.

“हां,” तो हळूच म्हणाला. “हाच. नाक जायच्या आधी मला आलेला शेवटचा वास.” त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा पूर्वीसारखा दिसत होता. “अजून सांग.”

सुमेधाला उद्या सकाळी सातला वॉर्डात हजर व्हायचं होतं. तिने खुर्ची ओढली, बूट काढले आणि आणखी एक घोट घेतला.