शेवटच्या माणसाची काठी

“अहो, माणसं मोजू नका!” मी चुलीपासूनच ओरडले.

बंगळूरच्या त्या चष्मेवाल्यानं दचकून बोट खाली घेतलं. आम्हा हरिकंत्र कोळ्यांत दर्याकडे निघालेली माणसं मोजत नाहीत. आपण मोजलं की तोही मोजायला लागतो. म्हणून माझे दीर देवण्णा वाट चालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काठी देतात. कुडल्याच्या किनाऱ्यापासून कड्याकड्यानं, खडक उतरत माणसं माझ्या चहाच्या टपरीशी पोचली की काठी भिंतीला टेकवतात. काठी आली म्हणजे माणूस आला.

रांगेच्या शेवटी माझा नवरा चालायचा, होन्नप्पा. गेल्या भाद्रपदात एका पाहुण्याला खडकावर ढकलून चढवलं आणि स्वतः लाटेखाली गेला. ना देह मिळाला, ना काठी. शेवटच्या माणसाचा आल्याचा चहा मी अजून रोज बाजूला काढून ठेवते. त्यावरून सासूबाई नको नको ते बोलतात.

“वहिनी, उद्या अमावास्या,” देवण्णा हळूच म्हणाले. “दादाचे दिवस घालूया. भटजींना हो म्हणू?”

“काठी आली?”

“वर्ष होत आलं हो.”

“तुम्हीच सांगता ना भावजी, काठी आली नाही तो अजून वाटेवर आहे?”

ते भिंतीच्या काठ्या सरळ करू लागले. बिचारे, त्यांचाही सख्खा भाऊच.

सगळ्यांच्या मागून एक मुलगी आली, चैत्रा नावाची. गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात दोन काठ्या.

“आंटी, ही मागच्या काकांची. मी घसरले तेव्हा त्यांनीच ही पुढे धरली.”

“मागे कुणीच नाही,” देवण्णा म्हणाले. “आमच्यात आता मागे कोणी चालत नाही.”

“असं कसं? इथपर्यंत माझ्या पाठीशी होते की!” तिनं वळून पाहिलं. वाळूवर तिच्या एकटीची पावलं होती.

त्या दुसऱ्या काठीला खालून कालवं चिकटली होती. मुठीशी माझ्या लाल लुगड्याचा काठ, मीच बांधलेला.

“काय म्हणाले ते?”

“टपरीवर दे म्हणाले. आणि सांग, आता चहा ठेवू नको.”

मला रडायचं होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं. मी काठी भिंतीला टेकवली, बाकीच्यांच्या रांगेत.

“भावजी, भटजींना हो म्हणा.”

मग तो गार झालेला पेला ओतला, धुतला आणि इतर पेल्यांत पालथा घातला.