आज पाय कुणाकडे आहे

गेल्या दिवाळीपासून आमच्या सोसायटीतले लोक माझा डावा पाय मागून नेतात आणि अपंगांच्या राखीव जागेत गाड्या लावतात.

पाय मांडीपासून निघतो. दुखत नाही. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हा तो वाळला आणि तसाच राहिला, शेवग्याच्या शेंगेसारखा. त्याला लोखंडी कॅलिपर आहे आणि खाली जाड तळाचा काळा बूट. तो असला की एका कुबडीवर मी कुठेही जाते. नसला की दोन कुबड्या लागतात आणि पायरी चढता येत नाही.

पहिल्यांदा समोरच्या गायधनी वहिनी आल्या. बाजारात गाडी लावायला कुठेच जागा नसते, खुर्चीचं चित्र काढलेली तेवढी मोकळी असते, तर अर्ध्या तासासाठी पाय द्याल का, असं त्यांनी विचारलं. शिडी मागावी तसं विचारलं. मी सिन्नरला चाळीस वर्षं विड्या वळल्या. आमच्या आळीत पाटा, खलबत्ता, चाळण, काहीही मागायला कुणी आलं तर नाही म्हणायची पद्धत नव्हती. मी पट्टे सोडले, पाय काढला आणि कापडी पिशवीत घालून दिला.

संध्याकाळी तो परत आला. मागून नेलेलं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून वहिनींनी बुटात चार चकल्या घातल्या होत्या. मी त्या खाल्ल्या. याची मला आज लाज वाटते.

मग सगळेच येऊ लागले. पाय कसा वापरायचा ते लोकांनी आपसांत शिकून घेतलं. तो गाडीच्या पुढच्या काचेमागे आडवा ठेवायचा, बूट बाहेरून दिसेल असा. वॉचमन बूट बघतो आणि साखळी खाली टाकतो. गाडीत कोण बसलंय ते तो बघत नाही. गाडीतला माणूस उतरतो, दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो आणि आत जातो.

चकल्या थांबल्या. मग पाय संध्याकाळी परत येण्याऐवजी दुसऱ्या सकाळी येऊ लागला. त्याला गाडीतल्या अत्तराचा वास येई. काचेमागच्या उन्हाने नडगी रापली. कुणीतरी त्याची नखं कापली, तीही न विचारता. एकदा पोटरीवर सोसायटीचा स्टिकर लावलेला होता. तो काढताना माझी कातडी निघाली. मी चेअरमन धात्रकांकडे गेले. ते म्हणाले, पाय बाहेर जातो, हरवला तर आपला आहे हे कळायला नको का. शिवाय, वापरात राहिलेली वस्तू चांगली राहते. मी म्हटलं, मला चालायला लागतो. ते हसले.

"कौतिकाबाई, तुम्हाला रोज कुठं जायचं असतं?"

गुढीपाडव्याच्या सुमारास फोनवर एक ग्रुप झाला. त्यात सकाळपासून एकच प्रश्न असे, आज पाय कुणाकडे आहे. मला त्यात घेतलं होतं, कारण पाय माझा होता. मी लिहायला-वाचायला अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, त्यामुळे एक ओळ वाचून होईपर्यंत खाली चार ओळी आलेल्या असत. पाय आता माझ्याकडे येतच नव्हता. एका दारातून दुसऱ्या दारात जात होता. कधी जिन्यात दिसायचा, कुणाच्या तरी काखेत.

मी भांडायला हवं होतं. पहिल्याच दिवशी दार लावून घ्यायला हवं होतं. पण या लोकांना पाय नाहीत म्हणून ते मागत नाहीत, पाय आहेत म्हणून मागतात, हे मला कळायला वेळ लागला.

मग देवरामांच्या अंगठ्याला जखम झाली. देवराम माझे यजमान. त्यांना साखरेचा आजार आहे. अंगठा काळा पडला, मग पंजा. मुलगा कंपनीच्या कामाला गुजरातेत, म्हणून सून शैला आणि मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे रुग्णाजवळ एकालाच राहू देतात. शैला राहिली. बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं की उद्या नऊ वाजता घोट्याखाली कापायचं. उशीर झाला तर गुडघ्याखाली. काळेपण गुडघ्याच्या वर गेलं तर मग त्यांच्या हातात काही नाही.

देवरामांनी डॉक्टरांना सांगितलं, "कौतिका आल्याशिवाय माझ्या पायाला हात लावायचा नाही. पाय देणं काय असतं ते तिला माहीत आहे."

बुधवारी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. अर्धा तास लागला. गुरुवारी सकाळी माझा पाय मला पाहिजे, यजमानांचं ऑपरेशन आहे. चाळीस जणांनी अंगठा दाखवला. सहा जणांनी हात जोडले. धात्रकांनी फूल पाठवलं.

गुरुवारी सातला मी गायधनींचं दार वाजवलं, कारण शेवटचा निरोप पाय त्यांच्याकडे असल्याचा होता. वहिनी म्हणाल्या, हे तर आत्ताच घेऊन गेले, दोन मिनिटात येतील. मी दारात उभी राहिले, दोन कुबड्यांवर. त्यांनी बसा म्हटलं नाही, पण चहा विचारला. साडेसातला मी निघाले. माझी बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर आहे, ती चालवायला हात पुरतात.

दवाखान्याच्या दाराला ग्रॅनाइटच्या सात पायऱ्या आहेत. शेजारी उतरता रस्ता आहे आणि त्याच्या तोंडाशी खुर्चीचं चित्र काढलेली जागा. त्या जागेत एक पांढरी गाडी उभी होती. तिचं नाक उतारात घुसलं होतं, इतकं की कठड्यात आणि गाडीत हात जाणार नाही. पुढच्या काचेमागे माझा पाय होता.

वॉचमन आला. त्याने मला स्कूटर तिथे लावू नका म्हणून सांगितलं. अपंगांची जागा आहे.

"मी अपंगच आहे," मी म्हटलं.

"कशावरून?"

मी लुगडं बाजूला केलं. तो वाकून नीट बघू लागला. माणूस वाईट नव्हता.

"आजी, इथं तर काहीच नाही," तो म्हणाला. "अधू पाय पाहिजे. तो कुठाय?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. तो काचेपाशी गेला, बूट बघितला, परत आला.

"बरोबर आहे. हा पाय पावणेआठला आत आला. आता एका पायावर दोघांना कसं सोडू?"

तुमची स्कूटर मागे लावा, जनरेटरच्या पलीकडे, असं त्याने सांगितलं. तिकडून जिना आहे. मी चाकाची खुर्ची मागितली. ती अपंगांसाठी असते, तो म्हणाला.

शैलाचा फोन आला. आबा ऐकत नाहीत, तुम्ही कुठे आहात, काळेपण घोट्याच्या वर आलंय. मी म्हटलं, मी दारात आहे. ती म्हणाली, मग या ना.

मी स्कूटर पायऱ्यांशी आणली, उतरले आणि दोन कुबड्यांवर चढायला लागले. ग्रॅनाइट नुकतंच पुसलेलं होतं. तिसऱ्या पायरीवर कुबडी सटकली आणि मी बसत बसत खाली आले. लोक येत-जात होते. एक बाई माझ्यावरून पाय टाकून गेली आणि वळून म्हणाली, "मध्ये नका बसू हो आजी, लोकांना जायचं असतं."

मी सरपटत स्कूटरपर्यंत गेले आणि वर चढून बसले. फोन पुन्हा वाजला. अर्ध्या नडगीपर्यंत.

नऊच्या सुमारास गायधनी बाहेर आले. भाचीला मुलगा झाला होता, त्याला बघायला आले होते. हातात पेढ्यांचा डबा होता. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. एक पेढा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"तुम्ही इथं कशा? काही हवं होतं का?"

"पाय."

"अहो, मग ग्रुपवर टाकायचं ना."

"टाकलं होतं."

"हो का?" ते आठवू लागले. "अंगठा दिला वाटतं मी."

मी पेढा खाली टाकला. सत्तर वर्षांत मी अन्न टाकलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, गाडीचं दार उघडा आणि माझा पाय बाहेर काढा, वर माझा माणूस सडतोय. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला, जणू मीच काही वावगं बोलले होते. त्यांची वेळ संपली होती, ते म्हणाले, आणि पुढची धात्रकांची होती. मधेच माझ्याकडे दिला तर त्यांना काय सांगायचं? पाळ्या त्यांनी नव्हत्या लावल्या, सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या होत्या.

धात्रकांची गाडी फाटकातून आत आली होती. ते दवाखान्यात येत नव्हते. समोरच्या मंडईतून त्यांना आंब्याची पेटी घ्यायची होती. मंडईपाशी गाडी लावायला जागा नाही, आणि इथे सावली आहे. त्यांनी काच खाली केली. गायधनींनी पाय काढला आणि माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे दिला.

मी हात वर केले. बूट माझ्या हाताला लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"ओढू नका, कौतिकाबाई," धात्रक गाडीतून म्हणाले. "एकट्याची वस्तू आहे का ती?"

"माझी आहे."

"तुमची होती तेव्हा नुसती पडून होती."

ते ओढत होते आणि मीही ओढत होते. कॅलिपर काचेच्या कडेला घासला. मला त्या पायात काही जाणवत नाही, कधीच जाणवलं नाही, पण तेव्हा टाचेपासून कमरेपर्यंत जाळ उठला. मी शिव्या दिल्या. विडीच्या कारखान्यात ऐकलेल्या सगळ्या दिल्या. लोक थांबून ऐकू लागले. वॉचमन म्हणाला, आजी, पेशंट आहेत आत. मग बूट निघाला आणि माझ्याकडे आला. पाय आत गेला. जाताना मला तळवा दिसला. त्यावर बॉलपेनने गाड्यांचे नंबर लिहिलेले होते, बोटांपासून टाचेपर्यंत, आणि जागा संपली म्हणून घोट्याभोवती.

गायधनींची गाडी मागे निघाली तेव्हा उताराचं तोंड मोकळं झालं. मी स्कूटर चालू केली. चार हातांचं अंतर होतं. धात्रकांची गाडी माझ्याआधी तिथे गेली. तिचं चाक माझ्या जादा चाकाला भिडलं आणि तिथेच थांबलं. धात्रक उतरून मंडईकडे गेले. मी मागे व्हायला वळून बघितलं. मागे सोसायटीतल्या निकमांची गाडी होती. तिच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची, मग चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही भावांची, मग बाकी सोसायटी. गायधनी फाटकाबाहेर गेलेच नव्हते. वळसा घालून ते रांगेच्या शेवटी लागले होते. सगळ्यांनी इंजिनं चालू ठेवली होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. पुढची गाडी बोटभर सरकली की मागची बोटभर सरके. माझ्या स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पत्रा लागला होता. गुडघा हलवायला जागा उरली नव्हती.

देवराम तिसऱ्या मजल्यावर होते. मी तिथूनच त्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत हाक मारली. देवराम. कापून घ्या. मी आलेय, खाली आहे, कापून घ्या. इंजिनांच्या आवाजात मलाच ती ऐकू आली नाही.

शैलाचा फोन आला.

"आई, आबांची शुद्ध गेलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता त्यांना विचारायला नको, कापायला घेतो."

"कुठवर आलंय?"

ती काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

धात्रक आंबे घेऊन येताना दिसले. पेटी डोक्यावर घेऊन, भराभर. गाड्या पुन्हा बोटभर सरकल्या.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि एक सिस्टर पायऱ्यांच्या वर येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांवर हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं, मांडीपासून टाचेपर्यंतच्या मापाचं. तिने खाली सगळीकडे नजर फिरवली.

"देवराम यांचं कोण आहे?" तिने विचारलं.

मी बूट धरलेला हात वर केला. माझ्या मागे गाड्यांच्या काचा एकेक करून खाली गेल्या आणि प्रत्येक खिडकीतून एक हात वर आला.