बाईंचे कापलेले श्वास

निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही रेकॉर्ड कंपनीत होता ना? मग मोठमोठे कलाकार जवळून पाहिले असतील!" पाहिले. आणि खरं सांगतो, जवळून पाहण्यासारखं त्यांच्यात फारसं काही नसतं. एका गाजलेल्या व्हायोलिनवाल्याला पायांत बूट असले की सूर सापडायचा नाही. तो नुसत्या मोज्यांवर उभा राहून वाजवायचा आणि मोज्यांना ही भोकं. एक ड्रमवाला होता, वाजवायला बसला की राक्षस, पण लिफ्टमध्ये एकटा जायला घाबरायचा. मी त्याला सोबत म्हणून चार मजले वर जायचो आणि जिन्यानं खाली यायचो. हे ऐकून लोक पोट धरून हसतात. बाईंचं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, कारण सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोललो.

कंपनीत माझं काम कापायचं. गाणं टेपवर उतरलं की ते माझ्या टेबलावर यायचं. दोन्ही रिळं हातांनी मागेपुढे फिरवत नको असलेली जागा शोधायची, तिथे पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. जोड कुठे आहे ते कुणाला ऐकू आलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. तशी ती कधी गेली नाही.

साहेबांचं एक खूळ होतं. गायकाचा श्वास रेकॉर्डवर ऐकू येता कामा नये. "लोकांना आवाज हवाय, धापा नकोत," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे आणि स्वतः बोलताना भात्यासारखे फुसफुसायचे. ओळ सुरू होण्याआधी गायक जो श्वास आत घेतो, तो मी कापायचो. पण नुसता कापला तर ताल बिघडतो. म्हणून त्याच लांबीची शांतता तिथे जोडायची. त्यासाठी रेकॉर्डिंग संपलं की सगळ्यांना एक मिनिट पुतळ्यासारखं उभं करायचो आणि रिकाम्या खोलीची शांतता टेपवर घ्यायचो. साठपर्यंत मनात आकडे मोजायचं काम माझं.

बाईंना सगळे बाईच म्हणायचे. नाव घ्यायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा श्वास जबर. ओळीआधी असा ओढायच्या की माइकपाशी उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, आपल्या वाट्याची हवाही गेली. पहिल्याच दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या श्वासांचे वीत-वीतभर तुकडे मी केराच्या टोपलीत टाकत होतो.

"काय रे ते?"

"तुमचे श्वास, बाई. साहेबांनी काढायला सांगितलेत."

त्या खाली वाकल्या. एवढी मोठी बाई, पण टोपलीत हात घालून एकेक तुकडा वेचून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "काप हवं तर. पण टाकू नकोस हं, ब्लेडराव. एक दिवस परत मागेन."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून कंपनीत माझं नाव ब्लेडराव पडलं आणि टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. पुढची एकवीस वर्षं बाई गात राहिल्या, मी कापत राहिलो आणि डबा भरत राहिला. निवृत्त झाल्यावर काही उद्योग हवा म्हणून मी ते सगळे तुकडे क्रमानं जोडले. एक मोठं रीळ भरलं, बरोबर तेहतीस मिनिटांचं. बायको म्हणाली, "लोक बाग करतात, तुम्ही हे करा." मी ते रीळ डब्याशेजारी माळ्यावर ठेवलं आणि विसरलो.

गेल्या वर्षी बाईंची मुलगी घरी आली. पन्नाशीची, शिक्षिका, नीटनेटकी, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चहाला तिनं हातही लावला नाही.

"काका, आईला छातीचा आजार आहे. डॉक्टर म्हणतात, हवा आत जाते पण बाहेरच पडत नाही. छाती सदा भरलेली. आठ महिने झाले, तिनं पाठ टेकलेली नाही. खुर्चीत ताठ बसून असते, डोळ्याला डोळा नाही. मला बाकी काही नको, तिला एकदा आडवं पडून झोपलेलं बघायचंय." मग ती जरा घुटमळली. "आई म्हणते, ब्लेडरावाकडे माझं काहीतरी आहे, ते मागून आण."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी मी माळ्यावर चढलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुनं मशीन रिक्षात घालून मी त्यांच्याकडे पोचलो. खोलीत लख्ख ऊन होतं. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत बाई, दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले. मला वाटलं होतं, ओळखणार नाहीत. "आणलंस?" त्या म्हणाल्या. एवढ्या एका शब्दाला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी रीळ चढवलं आणि बटण दाबलं. आत घेतलेला श्वास. पुन्हा आत. पुन्हा आत. आणि बाईंची छाती टेपबरोबर वर जायला लागली. प्रत्येक तुकड्याला खांदे आणखी चढत होते, मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ निळे पडले. मुलगी किंचाळली, "काका, बंद करा!"

बंद केलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकवीस वर्षं मी फक्त आत घेतलेले श्वास कापले होते. बाहेर सोडलेला एकही माझ्याकडे नव्हता. गाणारा माणूस श्वास बाहेर सोडतो तेच तर गाणं, आणि ते आम्ही घरोघरी विकून मोकळे झालो होतो. बाईंकडे उरलं होतं ते नुसतं आत घेणं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

बाईंनी बोट उचललं आणि हवेत गोल फिरवलं, उलट्या बाजूनं. "उलटं," त्या म्हणाल्या.

धंद्यातलं माणूस ते. टेप उलटी लावली तर आत घेतलेला श्वास बाहेर पडताना ऐकू येतो, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण रीळ तेहतीस मिनिटांचं. ते संपलं की बाईंकडचा श्वासही संपणार, हेही आम्हा दोघांना कळत होतं. मी मुलीकडे पाहिलं आणि तिला सगळं स्पष्ट सांगितलं. ती आईच्या पायाशी बसली आणि तिची पावलं हातांत धरली.

"लावा, काका," ती शेवटी म्हणाली.

थोडी टेप आधीच वाजून झाली होती. मी उरलेली शेवटपर्यंत पळवली आणि रीळ शेपटाकडून उलटं चढवलं. सुरू केलं. पहिला श्वास बाहेर आला आणि बाईंचे खांदे बोटभर उतरले. मग दुसरा. दहाव्या मिनिटाला त्यांची मान सैल झाली. विसाव्या मिनिटाला त्यांनी मुलीला हातानं खुणावलं, आम्ही दोघांनी धरून त्यांना पलंगावर नेलं आणि आठ महिन्यांनी बाईंनी पाठ टेकली. मुलगी रडत रडत हसत होती. डावीकडचं रीळ बारीक होत चाललं तसा माझा हात आपसूक बटणाकडे गेला. बाई माझ्या हाताकडेच बघत होत्या. त्यांनी मान हलवली, नको.

शेवटी शेवटी जुने जोड सुटायला लागले, चिकटपट्टी वाळली होती ना. एक तुकडा निसटून फरशीवर पडला. मी घाईघाईत पुढची टोकं जोडली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तो तुकडा जुन्या सवयीनं खिशात टाकला. मग त्यांच्या पहिल्या गाण्याचा पहिला श्वास बाहेर पडला आणि टेपचं टोक फटफट करत फिरत राहिलं. मी मशीन बंद केलं. आम्ही दोघं जागच्या जागी उभे होतो आणि मी मनात साठपर्यंत मोजत होतो, हे पंचेचाळीसला माझ्या लक्षात आलं.

"झोपली," मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं.

घरी आल्यावर रीळ लावून पाहिलं. कोरं. तेहतीस मिनिटं नुसती खरखर. मग कपाटातून बाईंची रेकॉर्ड काढून लावली आणि पहिल्या ओळीआधीच थबकलो. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली.

"ही दम घेतेय ना? आधी नव्हतं असं."

नव्हतंच. तिथे माझ्या हातांनी जोडलेली शांतता होती. आता प्रत्येक ओळीआधी बाई श्वास घेत होत्या, तसाच जबर, अगदी कानापाशी. एकेक करून मी त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड ऐकल्या. सगळीकडे श्वास आपापल्या जागी परत आलेले. फक्त दुसऱ्या रेकॉर्डच्या शेवटच्या कडव्याआधी अजून शांतता आहे. तिथे माझाच जीव गुदमरतो.

मुलीनं तेच विचारायला आज फोन केला होता. "काका, सगळ्या गाण्यांत आई श्वास घेताना ऐकू येते. हल्ली मी रोज ऐकते, बरं वाटतं. एकाच ठिकाणी नाही. तुमच्याकडे तिचं काही राहिलंय का हो?"

"नाही गं," मी म्हणालो. "जुनी रेकॉर्ड, घासली असेल."

तो तुकडा कोरा नाही. मी तो मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून हातानं एकदाच ओढून पाहिलाय, आणि ओढताना मागे पलंगावर कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. बायको तेव्हा बाहेर गेली होती. टाकायचा नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि मुलीला द्यायची मला हिंमत होत नाही, कारण हा गेला की बाईंचं माझ्याकडे काहीच उरणार नाही. त्यांनी परत मागितला की देईन. तुकडा त्याच पत्र्याच्या डब्यात आहे आणि डबा मी हल्ली उशाशी ठेवतो.