सरांची बाटली

“अगो, भर म्हटलं ना! वाद घालू नकोस.” हरिहरसरांनी प्लास्टिकची छोटी बाटली बायकोच्या हातात कोंबली.

“अहो, पण तपासणी तुमची. मधुमेह तुम्हाला,” वासंती म्हणाली.

“म्हणूनच. तुला कसला रोग? ठणठणीत आहेस.”

मालगुंडच्या शाळेत आज मधुमेह असणाऱ्यांच्या किडनीची तपासणी होती आणि पहिला मान निवृत्त मुख्याध्यापक म्हणून सरांना होता. साखर कशी मुठीत ठेवावी, हे सर साऱ्या गावाला ऐकवत. घरी मात्र फणसपोळीचा डबा उशाशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! असल्या माणसाला स्वतःच्या लघवीची भीती वाटली, यात नवल ते काय? वासंतीने मुकाट्याने बाटली भरून दिली आणि सुजलेले पाय ओढत ती स्वयंपाकघरात गेली.

शाळेत नर्स नम्रताने सगळ्यांसमोर बाटलीत पट्टी बुडवली. पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा झाला, मग गडद हिरवा.

“सर, लघवीतून प्रथिनं जातायत. साखरपण आहे. उद्याच रत्नागिरीला जाऊन रक्त तपासा. आत्ता औषध सुरू झालं तर किडनी वाचेल, अंगावर काढू नका.”

“तुमची पट्टी शिळी असेल.”

तिने दुसरी बुडवली. तीही तशीच झाली.

“बाटली तुमचीच ना, सर? अदलाबदल नाही ना झाली?”

इथे एक शब्द पुरला असता. पण समोरच्या बाकांवर सरांचेच जुने विद्यार्थी बसले होते.

“माझी नाही तर काय शेजाऱ्याची?” सर गरजले. हशा पिकला. भित्र्या माणसाइतकं मोठ्याने कोणी बोलत नाही.

घरी वासंती दारातच उभी होती. “काय म्हणाली ती?”

“काय म्हणणार? उत्तम.”

वासंती मटकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. “देव पावला हो! मेले हे पाय सुजतात, तहान तर भागतच नाही. मनात भलतंसलतं येत होतं, तुम्हाला बोलले नाही. म्हणजे मला काही नाही तर!”

सर तिच्या पायांकडे बघत राहिले. रोज डोळ्यांसमोर असलेले ते पाय त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. त्यांनी तोंड उघडलं. पण खरं सांगितलं तर उद्या नम्रतापुढे उभं राहावं लागणार, आणि परवा गावापुढे.

“चहा टाक,” ते म्हणाले.

“टाकते हो,” म्हणत ती उठली. सरांचा चहा तिने नेहमीसारखा बिनसाखरेचा केला आणि आनंदाच्या भरात आपल्या कपात एक चमचा साखर जास्त घातली.