पत्र आलं तो दिवस

इंगर स्कोव नवऱ्याच्या बुटांवरचा वाळलेला गाळ चाकूच्या पाठीने खरवडत बसली होती. बिशप वॉर्डल दारात येऊन उभे राहिले तरी तिचा हात थांबला नाही.

"बूट अजून धड आहेत," ती म्हणाली. "ब्रदर टॅनरना होतील. त्यांचे अंगठे बाहेर आलेत."

"होतील."

"मग बसा की. असे उभे राहिलात की वाटतं, आणखी कोणी तरी गेलं."

बिशप बसले नाहीत. टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली.

तिच्या नवऱ्याला, येन्सला, पुरून दोन दिवस झाले होते. सॉल्ट लेकच्या चर्चने इथे वस्ती करायला पाठवलेल्या हेलामच्या लोकांनी चार वर्षांत गावाजवळच्या लाल नदीवर पाच बांध घातले आणि पाचही नदीने नेले. सहावा जवळजवळ उभा राहिला होता. सोमवारी सकाळी पाणी चढू लागलं, तेव्हा शेवटचा ओंडका बसवायला कमरेला दोर बांधून येन्स आत उतरला. काठ खचला, दोर तुटला, बांधही गेला. दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली, वाळुंजाच्या झुडपांत तो सापडला. गावात पाणी कळणारा माणूस तो एकच. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालेला.

"सॉल्ट लेकहून पत्र आलंय," बिशप म्हणाले. "चर्चचे वडीलधारे लिहितात, हेलामच्या लोकांनी पुष्कळ सोसलं. ज्यांना जायचं असेल त्यांना मोकळीक आहे. कुणी त्यांना पळपुटे म्हणणार नाही."

"चांगलं झालं." बूट तिने उलटा केला. "कधी आलं?"

"बारा दिवस झाले."

चाकू थांबला. इंगरचे ओठ किंचित हलले. ती दिवस मागे मोजत होती.

"मला वाटलं," बिशप घाईने बोलू लागले, "एकदा बांध टिकला, पाटाला पाणी आलं, की कुणाला जावंसंच वाटणार नाही. चार वर्षांची मेहनत आहे, सिस्टर. मला फक्त थोडे दिवस हवे होते. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. बिशपपदही सोडतो. पण आधी तुमच्यापाशी..."

"सोमवारी तो म्हणाला होता, पाणी बरं दिसत नाही, आज नको उतरायला," इंगर म्हणाली. "मीच म्हटलं, बिशपनी बोलावलंय, जा."

तिने दोन्ही बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले.

"आता तुम्ही जा."

घरी येऊन बिशपनी बायकोला सगळं सांगितलं. थर्झा मक्याची लापशी ढवळत होती. ढवळत राहिली.

"मला ठाऊक होतं पत्राचं," ती म्हणाली. "तुमचा कोट झटकताना खिशात हाताला लागलं. रोज वाटायचं, आज सगळ्यांना वाचून दाखवतील. येन्स गेला त्या सकाळीसुद्धा वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

लापशी तळाला लागल्याचा वास आला, तेव्हा थर्झाने भांडं उतरवलं.

हेलाममध्ये सगळं गाव एकाच लांब टेबलावर जेवत असे. पीठ एक, काकवी एक, चूल एक. हे ठरवलं होतं बिशपनीच. शनिवारी सकाळी त्या रिकाम्या टेबलाशी बसून ते रविवारी काय बोलायचं ते कागदावर उतरवत होते. दोन कागद भरले होते. इंगर आत आली आणि समोरच्या बाकावर बसली. बसली ती येन्सच्या जागेवर.

"उद्याचंच लिहिताय?"

"हो."

"दिवस सांगू नका."

बिशपनी मान वर केली.

"पत्र वाचा," ती म्हणाली. "लोकांना मोकळं करा. पण कधी आलं ते सांगू नका."

"सिस्टर, पाप माझं आहे. ते झाकून..."

"माझ्या मॅरनला मी काय सांगितलंय, ठाऊक आहे? बाप देवाच्या कामावर गेला. पोरगी ते घोकत झोपते. उद्या तुम्ही उभे राहून सांगणार, ते काम तर नऊ दिवस आधीच संपलं होतं. मग माझा येन्स कशापायी गेला? तुमच्या खिशातल्या कागदापायी?"

बिशपांच्या हातातली लेखणी कागदावर टेकलेलीच राहिली. तिथे शाई पसरत गेली.

"मला खोटं बोलता येणार नाही."

"बारा दिवस आलं की." तिने टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने एका जागी गोळा केला. "तुम्ही सांगाल, रडाल. लोक रागावतील. मग माफ करतील. आपल्या माणसांना माफ करायला काय वेळ लागतो? सगळे मिळून प्रार्थना म्हणतील आणि तुम्ही हलके होऊन घरी जाल. मी काय घेऊन घरी जाऊ?"

"तुम्ही मला माफ कराल, असं मी मागितलेलं नाही."

"मी करणारही नाही." ती उठली. "तेवढं एक द्या मला, बिशप. दुसरं तुमच्याकडे देण्यासारखं काही नाही."

दुपारी टपालाचा घोडेस्वार आला, नेहमीप्रमाणे पाणी पिऊन गेला. बिशपनी ते दोन्ही कागद चुलीत घातले. थर्झाने पाहिलं, विचारलं नाही.

रविवारी टेबल भिंतीला लावून बाक मांडले गेले. पत्र वाचायला फार वेळ लागला नाही. 'मोकळीक' हा शब्द आला तेव्हा एक बाई मोठ्याने हसली आणि लगेच तोंडावर हात धरून रडू लागली. पुरुष खाली पाहत होते. सोलून निघालेल्या हातांकडे पाहत होते.

ब्रदर टॅनर उभे राहिले. "कालच्या टपालात आलं वाटतं?"

इंगर मॅरनची वेणी घालत होती. ती वर पाहत नव्हती. पण तिची बोटं केसांत होती तिथेच थांबली.

"कालच्या," बिशप म्हणाले.

बोटं पुन्हा चालू लागली.

बाहेर पडताना टॅनरनी बिशपांचे दोन्ही हात धरले. "हा आपला येन्स आठवडाभर थांबला असता तर... पण ते जाऊ द्या. तुम्ही एक दिवससुद्धा लावला नाहीत, बिशप. दुसरा कोणी असता तर पत्र खिशात घालून आधी बांध उभा करून घेतला असता."

बिशप काहीतरी पुटपुटले. टॅनरना ते ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांत गाव उठलं. दारं, खिडक्या, जात्याचे दगड गाड्यांवर चढले. जाण्याआधी बिशपनी एकट्याने टेकडीवर येन्सच्या थडग्याभोवती कुंपण घातलं. खांबांसाठी खणताना जमीन इतकी कडक लागली की संध्याकाळपर्यंत हातांना फोड आले. थर्झाने ते धुऊन चिंध्या बांधल्या. इंगर कुंपण पाहायला आली नाही. तिची गाडी सर्वांत पुढे होती.

उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी नऊ कुटुंबं एकत्रच उतरली. तिथे झरा होता, बांधाची गरज नव्हती. पहिला गहू निघाला, तेव्हा नव्या गावाची घडी बसवून द्यायला सॉल्ट लेकहून एक वृद्ध सद्गृहस्थ आले. बिशप कोण, असा प्रश्न निघाला. टॅनरनी एकच नाव घेतलं. हेलाममध्ये या माणसाने लोकांना कसं तडकाफडकी मोकळं केलं, ते त्यांनी सांगितलं.

वॉर्डल उठले. "दुसऱ्या कुणाला तरी पाहा."

"कारण?" वृद्धांनी विचारलं.

वॉर्डल उभेच होते. बाकांवरचे सगळे चेहरे त्यांच्याकडे वळलेले होते. थर्झा मांडीवरच्या हातांकडे पाहत होती.

"कारण नाही," शेवटी ते म्हणाले, आणि बसले.

वृद्धांना ती नम्रता वाटली. त्यांनी हसून मान डोलावली. "ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

हात वर झाले. वॉर्डल पाहणार नव्हते, पण पाहिलं. तिसऱ्या बाकावर इंगर होती. मॅरन तिच्या उजव्या खांद्यावर झोपली होती. इंगरने आधी पोरीचं डोकं हळूच उचलून डाव्या खांद्यावर घेतलं, तिची शाल सारखी केली, आणि मग हात वर केला.